पलटणीची चूल

लष्कराचं बांधकाम घेणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. चार भिंती उभ्या करा, त्यांना पांढराधोप चुना फासा आणि साहेब तपासायला आला की अदबीनं बाजूला उभे राहा. बाकीचं चुना बघून घेतो. बेळगावच्या कॅम्पात जे हलत नाही त्याला चुना लावतात आणि जे हलतं त्याला सलाम ठोकायला लावतात. एवढं ज्याला कळलं तो कंत्राटदार झाला.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः लष्कराचा मंजूर कंत्राटदार आहे. भरमा, मुक्काम बेळगुंदी. त्याआधी मी विहिरी बांधल्या, गोठे बांधले आणि गावच्या देवळाला पायऱ्या घातल्या. त्यातली एक पायरी अजून हलते, पण देवाची तक्रार नाही.

मी लष्कराकडं कसा वळलो ते सांगतो. राजाबाई, माझी बायको, गेली त्याला वर्ष झालं होतं. ती गेल्यापासून घरातली चूल थंडच होती. एकदा मी पेटवायला बसलो. धूर इतका झाला की शेजारी घागरी घेऊन धावत आले. तेव्हापासून मेव्हणी नागुबाई तिच्या घरून भाकरी पाठवायची आणि मी ती त्या थंड चुलीपुढं बसून खायचो. दुसरीकडं बसलो तर घास उतरत नसे. तशी सवयच लागली होती.

माझी मुलगी मनुबाई कणकुंबीला दिली आहे. ती होळीला आली, चुलीत कोळ्यानं जाळं केलेलं बघितलं आणि म्हणाली, "आप्पा, घराला कुलूप लावा आन् माझ्याकडं चला."

आता कणकुंबी गाव चांगलं आहे. पण तिथं मिरगाला पाऊस येतो तो दसऱ्यापर्यंत उठत नाही. भांड्यांना बुरशी येते, कपड्यांना येते, आणि पाहुणा जास्त दिवस राहिला तर त्यालाही येत असणार. शिवाय चूल राजाबाईनं घातलेली, ती काही उचलून नेता येत नाही. पण हे मुलीला कसं सांगणार? मी म्हणालो, "मला हितं कामं हाईत."

"कसली कामं?"

"लष्कराची."

ते तोंडातून गेलं. का गेलं मला माहीत नाही. त्याच आठवड्यात रंगून पडल्याची बातमी आली होती आणि जो तो लष्कराचंच बोलत होता.

मनुबाईनं माझ्याकडं तिच्या आईसारखं बघितलं. "बरं. अक्षयतृतीयेला आईच्या नावानं पान वाढायला येते. तवर लष्कराचं काम पास झालेलं दावा. न्हायतर आलेली गाडी रिकामी परत जायाची न्हाय."

तर अशा रीतीनं मी सरकारला मदत करायचं ठरवलं.

माझ्याजवळ विटा नव्हत्या. त्या निपाणीच्या गुंडाप्पाजवळ होत्या. गुंडाप्पा तंबाखूचा व्यापारी, जैन माणूस. लढाईत तंबाखूपेक्षा वीट बरी म्हणून त्यानं भट्टी टाकलेली. आम्ही भागीदारी केली. विटा-कौलं त्याची, बांधणं माझं. कॅम्पात कसलं काम निघालंय विचारलं तर कळलं, नव्या भरतीसाठी स्वयंपाकघर बांधायचं आहे.

गुंडाप्पा तिथंच थांबला. "भरमाण्णा, माझ्या विटांवर अंडं शिजायला नको बघ."

"अरे, पलटण हाय ती. भाजीपाल्यावर जपानशी लढंल व्हय?"

"ते पलटण बघून घेईल. तू मला सांगू नको. मला कळलं न्हाय तर मला पाप न्हाय."

टेंडर उघडलं तेव्हा आमचंच मंजूर झालं. सगळ्यात कमी दर आमचा होता. दुसरं कुणी भरलंच नव्हतं. मोठे कंत्राटदार बराकींच्या मागं लागलेले, स्वयंपाकघर घेऊन कोण काय करणार? मी मात्र बेळगुंदीपर्यंत ताठ मानेनं चालत आलो.

काम झकास झालं. भिंती ओळंब्यात, फरशी दगडी, वर नवीकोरी मंगळुरी कौलं. नकाशाप्रमाणं सगळं. चुना तर असा लावला की दुपारी बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. साहेब आला, बरोबर ओव्हरसियर. साहेबानं छडीनं भिंत ठोकली, कौलं बघितली, मान हलवली. मी मनात कणकुंबीची गाडी रिकामी परत पाठवलीसुद्धा.

मग साहेब मध्यभागी उभा राहिला, गोल फिरला आणि म्हणाला, "चूल्हा किधर है?"

मला हसू आलं. साहेब लोक घर बांधायला शिकतात, पण घरात काय असतं ते त्यांना कुणी शिकवत नाही. आमच्याकडं घर गवंडी बांधतो आणि चूल बाई घालते. नांदायला आली की ती आपल्या हातानं, आपल्या बसण्याच्या मापानं चूल घालते. गवंड्यानं कधी चुलीला हात लावला, असं आमच्या पाच-पंचवीस गावांत कुणी ऐकलेलं नाही.

ओव्हरसियर म्हणाले, "कंत्राटदार, साहेब चुली कुठं आहेत विचारताहेत."

"त्या बाई घालती की."

"कुठली बाई?"

"जी हितं नांदाय येईल ती."

ओव्हरसियरनी माझ्याकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं आणि घाम पुसून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेबाचे कान लाल झाले.

"साहेब म्हणतात, इथं बाई नांदायला येणार नाही. आठशे शिपाई येणार आहेत."

"मग त्यातल्या एखाद्याची मंडळी..."

"गप्प बसा. नकाशात चुली दाखवल्या होत्या. हे चौकोन काय आहेत?"

"मला वाटलं, खिडक्या. म्हणून तर चार खिडक्या जादा काढल्या."

साहेबानं खिडक्या मोजल्या. त्यानंतर तो जे बोलला ते ओव्हरसियरनी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की चुली कमरेएवढ्या उंच पाहिजेत, कारण लष्करात स्वयंपाक उभ्यानं करतात.

"उभ्यानं?" मी म्हणालो. "आमच्यात उभ्यानं फकस्त भांडान करत्यात."

"अक्षयतृतीयेला सकाळी साहेब परत येतील. चुली नसल्या तर काम दुसऱ्याला जाईल. तुमचं नाव यादीतून कायमचं जाईल."

म्हणजे दिवसही तोच. मनुबाईनं आणि सरकारनं आपसात ठरवल्यासारखं.

मी गवंड्यांकडं गेलो. मुख्य गवंडी मिशीला पीळ देत बसला होता. "चूल घालू? मी? उद्या बांगड्या भर म्हणशील."

"अरे, लष्कराची हाय."

"लष्कराची असू दे, न्हायतर राणीची. किल्ल्याचा बुरूज सांग, घालतो. चूल सांगू नको. गावात तोंड दावायचं हाय मला."

दुसऱ्यानं सांगितलं, माझ्या आईनं ऐकलं तर घरात घ्यायची नाही. तिसरा थापी घेऊन काकतीला निघून गेला. मर्दानी कामं बघायला.

अशा वेळी देवानं रवळूला पाठवलं. का पाठवलं ते देवालाच विचारलं पाहिजे. रवळू हा गुळव्या. हंगामात गुऱ्हाळावर गूळ शिजवायचा आणि गुऱ्हाळाचं चुलवाणही स्वतःच बांधायचा. म्हणजे चूल बांधणारा मुलखातला एकमेव पुरुष.

"भरमाण्णा, चूल ती चूल," रवळू म्हणाला. "तू आठशे माणसांचं सांगतोस. मी आठशे माणसांचा गूळ एका चुलवाणावर काढतो."

"पर कमरंएवढी उंच पायजे."

"कशाला उंच? खोल करू. वर जेवढं जायाचं तेवढं खाली जायाचं. माप तेच."

हे मला पटलं. का पटलं, ते आज विचारू नका. वर्षभर गार भाकरी खाल्लेल्या माणसाला काहीही पटतं.

रवळूनं माझी सुंदर फरशी उखडली. मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढं गोल तोंड आणि त्याच्या पुढं लांबच्या लांब चर. जाळ घालणारा माणूस त्यात उतरून उभा राहील असा, कमरेइतका खोल. कडा दगडी बांधून काढल्या. काम चोख. गुऱ्हाळ म्हणून बघितलं तर असं गुऱ्हाळ जिल्ह्यात नव्हतं.

चाचणीला पलटणीचा लंगरी आला. लंगरी म्हणजे तिथला आचारी. शामू त्याचं नाव, कागलचा. त्यानं पलटणीतली सगळ्यात मोठी डेग आणली आणि चुलवाणावर ठेवली. डेग सरळ आत गेली. धप्पकन आवाज झाला.

शामूनं वाकून बघितलं. "भरमाण्णा, डेग गेली."

"कुठं गेली?"

"तुमच्या चुलीच्या पोटात. आता आमटी वर काढायला पोहरा लागंल."

रवळू म्हणाला, "डेग लहान हाय. ही पलटणीची चूक." आणि डेग वर ओढून काढून त्यानं गुऱ्हाळावरची काहील आणवली. मोठी लोखंडी कढई, चार माणसांनी उचलायची. ती बरोब्बर बसली. तिच्यात चहाचं पाणी ओतलं.

जाळ पेटवायच्या वेळी गुंडाप्पा मध्ये आला. हातात मऊ कुंचा. "थांबा. मुंग्या असतील आत. झाडून घेतो."

"गुंडाप्पा, सगळी खोळंबल्यात."

"मुंगी का खोळंबावी? तिनं टेंडर भरलंय काय?"

तो चरात उतरला आणि एकेक मुंगी समजूत घालून बाहेर काढू लागला. तोवर रवळूनं दुसऱ्या तोंडानं उसाची वाळलेली चिपाडं ठासली. गुंडाप्पा वर आला आणि रवळूनं काडी लावली.

गुऱ्हाळ उघड्या रानात असतं, ही गोष्ट त्या दिवशी आम्हां सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. ज्वाळा काहिलीच्या कडेनं वर निघाली ती थेट आढ्यापर्यंत. नवी कौलं तापली आणि तडकायला लागली. एक, दुसरं, मग एकदम लाही फुटावी तशी. कॅम्पाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आवाज ऐकला, धूर बघितला आणि जीव खाऊन शिट्टी वाजवली. त्या शिट्टीवर भोंगा वाजला. भोंग्यावर अख्खा कॅम्प खंदकात गेला. कवायत करणारे गेले, दाढी करणारे अर्धी दाढी घेऊन गेले, आणि साहेब चहाची कपबशी घेऊन गेला.

जपान्यांना रंगून घ्यायला महिने लागले म्हणतात. बेळगाव मी दोन भारे चिपाडांत घेतलं.

विमान काही आलं नाही. कुणीतरी शेवटी खंदकातून डोकं काढून बघितलं तर आमच्या दारात शामू उभा, हातात पेला. "चहा तयार हाय," तो म्हणाला. काहिलीच्या बुडाला गेल्या हंगामाचा गूळ होता, त्यामुळं साखर वाचली.

ओव्हरसियर आले तेव्हा माझ्या पांढऱ्याधोप भिंती तव्याच्या बुडासारख्या झाल्या होत्या. "कंत्राटदार," ते हळू आवाजात म्हणाले, "आपण कुणाच्या बाजूनं लढताय?"

अक्षयतृतीया चार दिवसांवर आली होती. गुंडाप्पानं कपाळाला हात लावून नवी कौलं आणवली. रवळू काहील घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, चूल उत्तम होती, घर चुकलं. काहील गेल्यावर मधलं गोल भोक तेवढं आम्ही बुजवलं. लांब चर फुटक्या कौलांनी वीतभर भरला, बाकी तसाच राहिला. तो बुजवायला माती आणायची तर गाडी लागणार, आणि गाडी कौलं आणायला गेलेली.

शेवटी मी जिथं आधी जायला पाहिजे होतं तिथं गेलो. नागुबाईच्या दारात.

ती सुपात तांदूळ पाखडत होती. "काय दाजी, लढाई संपली?"

"नागू, चूल पायजे."

"तुमच्या घरातली कोळ्याला दिलीसा, आता नवी कशाला?"

"पलटणीला पायजे. आठ-दहा लागतील वळीनं."

तिनं सूप खाली ठेवलं. "चाळीस वरसं आक्का तुम्हाला हाक मारत हुती, जरा फुकणी द्या, जरा फुकणी द्या. तवा तुमच्या हाताला माती लागत न्हवती. आता सरकारनं हाक मारली तर पळत आलासा."

"न्हाय केलं तर मनू मला कणकुंबीला न्हेती."

नागुबाईनं सूप उचलून आत ठेवलं. मग म्हणाली, "चार बायका घेते. पर आमी चूल आमच्या रीतीनं घालणार. उंच-बिंच करायला सांगायचं न्हाय. चूल जमिनीवरच असती. आन् पयला जाळ बाई घालणार, दूध उतू घालणार, मग तुमची पलटण काय पायजे ते शिजवू दे."

"साहेब उंच मागतोय."

"साहेबाला म्हणावं, बस खाली."

मी कबूल झालो. दुसरं काय करणार होतो? ती म्हणाली, "वारुळाची माती पायजे, भाताचं तूस, शेण. आन् जुन्या चुलीची भाजलेली माती पायजे थोडी. ती न्हाय घातली तर नवी चूल तडकती. तुमच्या घराची किल्ली द्या, तूस तुमच्या माळ्यावर हाय."

मी किल्ली दिली आणि कौलं चढवायला कॅम्पातच मुक्काम ठोकला.

बायकांनी दोन दिवसांत काम उरकलं. चराच्या काठाला, जमिनीवर, ओळीनं चुली. प्रत्येकीचं तोंड चराकडं, म्हणजे राख आपोआप आत पडेल. सुबक, गोल खांद्यांच्या, बोटांनी गुळगुळीत केलेल्या. मी बघत राहिलो. बसून स्वयंपाक करायला उत्तम. आणि नकाशाप्रमाणं पूर्ण चूक. मी मनातल्या मनात कणकुंबीच्या पावसासाठी घोंगडी शोधायला लागलो.

अक्षयतृतीयेला सकाळी मी भिंतींना तिसऱ्यांदा चुना लावत होतो. मनुबाईची गाडी आली ती घराकडून थेट कॅम्पाच्या फाटकावर. पहारेकऱ्यानं अडवलं. ती काय बोलली माहीत नाही, पण तो बाजूला झाला. डोक्यावर पुरणाची तयारी असलेली बुट्टी घेऊन ती आत आली.

"आप्पा, घरातली चूल कुठाय?"

"घरात."

"न्हाय घरात. नुसती जागा हाय. मी आईचं पान कशावर रांधू?"

मी नागुबाईकडं बघितलं. ती पहिल्या चुलीला हळदीकुंकू लावत होती. मागं न बघता म्हणाली, "म्हटलं न्हवतं जुन्या चुलीची माती लागती म्हणून?"

माझ्या हातातला कुंचा खाली गेला.

नागुबाई उठली. "दाजी, तडा गेलेली हुती ती. वरीसभर गार. तुमी तिच्याफुडं बसून गार भाकरी खायाचासा आन् मी रोज बघायची. तिच्याकडं बघून आक्का परत येणार हाय व्हय? ही माती आता रोज पेटंल. जास्ती माती ह्या पयल्या चुलीत घातलीया, म्हणून ही पयली."

मनुबाई त्या चुलीकडं बघत उभी राहिली. मग बुट्टी खाली ठेवली, पदर खोचला आणि फरशीवर बसली. "दादा, लाकडं द्या."

शामू मुकाट्यानं चरात उतरला आणि खालून चुलीत लाकडं सारू लागला. नागुबाईनं पहिला जाळ केला. दूध ठेवलं. तेवढ्यात ओव्हरसियर आले आणि ओरडले, "अहो, उतू चाललंय!"

"जाऊ दे," चौघी बायका एका सुरात म्हणाल्या. ओव्हरसियरनी भिंतीकडं बघितलं. लढाईत काटकसर करा म्हणून त्यांनीच भिंतीवर पाटी लावली होती.

मनुबाईनं पुरणपोळी केली, भात केला, आमटी केली. पान वाढलं. कावळ्यासाठी ते बाहेरच्या अंगानं ठेवायला जागा पाहिजे होती. माझ्या चार जादा खिडक्यांपैकी एका खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. माझ्या कामातली ती एकच चूक, जी उपयोगाला आली. आम्ही सगळे हात जोडून आत उभे राहिलो. मी राजाबाईला मनात म्हणालो, लवकर ये, साहेब यायची वेळ झालीय.

साहेब लवकर आला.

आता लष्करात एक रीत आहे, ती मला नंतर शामूनं सांगितली. पलटणीचं जेवण आधी अधिकारी चाखतो. तो ठीक म्हणाला की मग शिपाई जेवतात. साहेब बाहेरून आला तो त्याच खिडकीशी. समोर केळीच्या पानावर वाढून ठेवलेलं. आत सगळे हात जोडून, मान खाली घालून उभे. साहेबाला वाटलं, चाखायला ठेवलंय. शिस्त आहे म्हणून तो खूशही झाला असणार.

त्यानं पुरणपोळी उचलली आणि खाल्ली.

मनुबाईचा हात तोंडाकडं गेला. "आईचं पान..."

ओव्हरसियर पांढरे पडले. आमच्यातला तो अपराध कसला आहे हे त्यांना ठाऊक होतं. इंग्रजीत कसा सांगायचा हे ठाऊक नव्हतं. साहेब मात्र चावत होता. मग त्यानं दुसरा तुकडा मोडला, तुपात बुडवला.

शेवटी नागुबाईच हळूच म्हणाली, "कावळा शिवला म्हणायचं."

"मावशी, ह्यो कावळा हाय व्हय?"

"गोरा हाय, एवढंच. आक्काला लांबनं आलेला पाहुणा उपाशी गेलेला चालत न्हवता. गप ऱ्हा."

साहेब बोटं चाटत आत आला. खिशातून मोजपट्टी काढली. त्यानं ओळीनं चुली बघितल्या, जमिनीवरच्या. मग शामूकडं बघितलं. शामू अजून चरातच उभा होता, राख ओढत. चुली बरोबर त्याच्या कमरेला लागत होत्या.

साहेब गुडघ्यावर बसला. मोजपट्टी शामूच्या पायाशी सोडली आणि चुलीच्या वरच्या कडेपर्यंत ताणली. नकाशा बघितला. परत मोजपट्टी बघितली.

"एग्झॅक्ट," साहेब म्हणाला.

ओव्हरसियरनी डोळे मिटून घेतले. साहेबानं मला विचारलं, ही युक्ती कुणाची? चूल वर चढवायची त्याऐवजी आचारी खाली उतरवायचा. विटा वाचल्या, राख खाली पडते, वारा लागत नाही.

आता सरकारला खरं सांगून त्याचा वेळ का घालवायचा? मी अदबीनं बाजूला उभा राहिलो. लष्कराच्या कामात तेवढंच लागतं, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

गुंडाप्पा कोपऱ्यात हात जोडून म्हणाला, "माझ्या विटांच्या घरात पहिल्यांदा पुरण शिजलं. आता मी निपाणीला जातो. परत इकडं बघणार न्हाय."

काम पास झालं. मनुबाई बुट्टी आवरत म्हणाली, "आप्पा, बोलल्यापरमानं झालं. मी गाडी रिकामी न्हेते. पर आता घरात चूलबी न्हाय. कशासाठी ऱ्हाताय हितं?"

"चूल हाय की. कॅम्पात हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या पहिल्या चुलीकडं. उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. अजून ऊन होत्या. वर्षानं पहिल्यांदा गरम खाल्लं.

इथं गोष्ट संपली असती तर माझी इज्जत राहिली असती. पण साहेब जाताना ओव्हरसियरला काहीतरी बोलला आणि ओव्हरसियर पहिल्यांदाच हसले.

"कंत्राटदार, साहेब विचारताहेत, या मातीच्या चुली टिकणार कशा?"

"रोज सारवायला लागत्यात, शेणानं. बायका सारवत्यात की."

"पलटण आली की बायकांना कॅम्पात यायची परवानगी नाही. देखभाल कंत्राटदारानं करायची. स्वतः."

तेव्हापासून मी रोज सकाळी बेळगुंदीहून कॅम्पात जातो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पोतेरं. फाटकावरचा नवा पहारेकरी विचारतो, "कोण?"

"मिलिटरी कंत्राटदार."

"बादलीत काय?"

"शेण."

तो सोडतो. आत शामू माझ्यासाठी पहिल्या चुलीवर चहा ठेवतो. आधी ती चूल मी सारवतो, मग बाकीच्या, आणि शेवटी परत ती एकदा. नागुबाईनं शिकवलं तसं, खांद्यावरून खाली, हलक्या हातानं. आता बऱ्यापैकी जमतं. राजाबाई असती तर दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून, एवढंच म्हणाली असती, "कोपरा राहिला."

आणि खोटं कशाला सांगू, रोज वाकून बघतो. राहिलेलाच असतो.